रेड्याचं खातं

केदुंगवारूत बँक आली ती चहा पीत पीत आली.

गालिह नावाचा तिशीतला माणूस, निळा शर्ट, मोटरसायकल, पाठीवर सॅक. "खातं उघडता का, बू?" असं तो कधीच विचारत नसे; बू म्हणजे बाई. तसं विचारलं असतं तर बायकांनी "बघू" म्हटलं असतं, आणि कुदुसकडच्या खेड्यांत "बघू" म्हणजे नाही, हे शेरडांनासुद्धा कळतं. तो ओसरीवर बसे, गोड चहा घेई, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करी, कोंबड्यांचं कौतुक करी. दोन दिवसांनी पुन्हा येई. आता ज्याला आपण इतक्या वेळा चहा पाजला, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? माणसाला संकोच असतो. एका पावसाळ्यात गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी संकोचापोटी खाती उघडली.

राजधानीत याला वित्तीय समावेशन म्हणतात.

सगळ्यात जास्त संकोच बू रुबियेमला झाला, म्हणून ती एजंट झाली. मशिदीच्या वळणावर तिचं दुकान होतं: अंडी, साबण, शेवयांची पाकिटं, तेल. आता तेलाच्या डब्यांशेजारी एक काळं यंत्र आलं आणि दारावर पाटी आली, 'येथे बँक आहे'. नवरा सेमारांगला बांधकामावर असायचा, तो सुट्टीला आला तेव्हा पाटी बघून म्हणाला, "आणि उधारी?" रुबियेम म्हणाली, "तीही इथेच आहे."

खाती उघडली, पण त्यांत कुणी काही टाकेना. बायका सिगारेटच्या कारखान्यात लवंगेच्या सिगारेटी वळायला जायच्या, आठवड्याचा पगार हातात घ्यायच्या आणि तो घरी पोचेपर्यंत निम्मा संपलेला असायचा. उरलेला बँकेत ठेवण्याइतका मोठा नसे आणि बँकेत ठेवण्याइतका निरुपयोगीही नसे.

चार महिन्यांनी गालिह पडलेल्या चेहऱ्याने आला.

"बू, खाती झोपलीत सगळी."

"झोपू दे की. बायका दिवसभर सिगारेटी वळतात, त्यांची खाती तरी झोपू देत."

"वरून विचारणा आलीय. राजधानीची माणसं येणार आहेत. गावाला 'संपूर्ण समाविष्ट गाव' म्हणून फलक द्यायचाय. पण खाती जिवंत पाहिजेत."

"आणि नाही झाली तर?"

"तर फलक शेजारच्या गावाला." तो थांबला. "आणि माझी बदली. बोर्निओला."

रुबियेमने त्याच्याकडे पाहिलं. बोर्निओला या पोराला चहा कोण देणार, असं तिला वाटलं. आणि नको ते तिच्या तोंडून गेलं: "आमच्या रेड्याचे पैसे आहेत म्हणा."

रेड्याचे पैसे म्हणजे कुर्बानीची भिशी. कुदुसकडे गाय कापत नाहीत. जुन्या काळच्या एका साधूने मना केलंय, ते अजून पाळतात. ईदला रेडा कापतात. एका रेड्यात सात नावं बसतात. गावातल्या साऱ्या बायका वर्षभर थोडे थोडे पैसे घालायच्या, वर्षाला सात चिठ्ठ्या निघायच्या, आणि ज्या सातजणींची नावं निघतील त्यांच्या नावाने रेडा; मेल्यावर तोच वाहन होऊन स्वर्गात नेतो, असं मानतात. ज्यांची नावं येऊन गेली त्यांनीही पैसे भरत राहायचं, शेवटचं नाव निघेपर्यंत. वर्षानुवर्षं हे चाललेलं, आणि पैसे रुबियेमच्या कपाटात, बिस्किटाच्या लाल डब्यात. डब्याला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का लावलं?

त्या वर्षीच्या सातात म्बाह सादिनेमचं नाव होतं. म्बाह म्हणजे आजी. सादिनेम साऱ्या गावाची आजी होती. दात गेलेले, बोटं तंबाखूने कायमची पिवळी. दरवर्षी चिठ्ठ्या काढताना ती पुढे येऊन बसायची आणि दरवर्षी दुसरीचं नाव निघायचं. "माझ्यामागून भिशीत आलेल्या तिघी अल्लाकडे पोचल्यासुद्धा," ती म्हणायची. "त्या तिथे रेड्यावर बसून फिरतायत, आणि मी इथे चालतेय." नाव निघालं त्या दिवशी मात्र ती सरळ उठली. घरी गेली आणि पांढरं नमाजाचं वस्त्र धुऊन वाळत घातलं.

तर डबा बँकेत न्यायचा ठरला. पण रुबियेमने तो एकटीने भरायचा म्हटल्यावर गलका झाला.

"म्हणजे तो रुबियेमचा रेडा झाला," बू सुप्रिह म्हणाली. बू सुप्रिहचं नाव नुकतंच येऊन गेलं होतं, त्यामुळे तिला नियमांची फार काळजी असे. "कुर्बानीचा पैसा ज्याचा त्याच्या हाताने जायला पाहिजे."

ते खरंच होतं. मग असं झालं: एका संध्याकाळी साऱ्या बायका दुकानापुढे जमल्या. रुबियेमने डबा उघडून जिचे तिचे पैसे जिच्या तिच्या हातात परत दिले. कुणाचे कमी नाहीत, कुणाचे जास्त नाहीत. कमीजास्त असते तर पुढचा महिनाभर भांडण पुरलं असतं. मग एकेकीने पुढे येऊन, बिस्मिल्ला म्हणून, ते स्वतःच्या खात्यात भरले आणि स्वतःच्याच बोटाने बटण दाबून रुबियेमच्या खात्यात पाठवले. 'कारण' असं यंत्राने विचारलं तिथे गालिहने साऱ्यांसाठी 'कुर्बानी' असं लिहून दिलं. सगळ्यांनी सगळ्यांचं पाहिलं. लपवाछपवीला जागाच नव्हती. गालिहच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी जिवंत खाती त्याने कधी पाहिली नव्हती.

राजधानीतल्या एका यंत्राने मात्र वेगळंच पाहिलं. एकाच तासात, एकाच जागेवरून, एकसारखी रक्कम, एका बाईच्या खात्यात. पाठवणाऱ्या साऱ्यांचा पत्ता 'मशिदीमागे'. आणि, जन्मतारखा कुणालाच ठाऊक नसल्याने कधीतरी सरकारी कारकुनाने सरसकट लिहून टाकल्याप्रमाणे, निम्म्याहून अधिकजणी एकतीस डिसेंबरला जन्मलेल्या. गावात जी सचोटीची लक्षणं, ती सगळी यंत्राच्या यादीत लबाडीखाली होती.

रेडा पाक तुकिरानच्या गोठ्यात ठरला होता; पाक म्हणजे बाबा, मानाने नावाआधी लावतात. जनावरांचा बाजार पोनला भरतो, आणि पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यात पोन हा वार एकदाच येतो. ईदच्या आधीचा शेवटचा पोन पुढच्या आठवड्यात होता. त्या दिवशी पैसे रोख दिले तर रेडा आपला. नाही दिले तर पाती गावचे लोक ट्रक घेऊनच येतात. म्हणून आधीच एका सकाळी रुबियेमने हात धुतले, यंत्रात कार्ड घातलं. यंत्राने चिठ्ठी बाहेर काढली: 'शाखेशी संपर्क साधा.' तिने कार्ड पदराने पुसून पुन्हा घातलं. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं.

गालिह आला. चहा आला. बू सुप्रिह, म्बाह सादिनेम आणि आणखी दोघीतिघी तेलाच्या डब्यांवर बसल्या. गालिहने कप हातात धरला आणि कपातच बघत राहिला.

"मास गालिह, पैसे कुठायत?" रुबियेमने विचारलं. मास म्हणजे दादा.

"आहेत, बू."

"मग दे."

"प्रणालीत सुधारणा चालू आहे."

"किती दिवस चालणार?"

"चौदा कामाचे दिवस. जास्तसुद्धा." मग एकदम उजळून, "बू, चहात लवंग घातलीय का आज? काय छान लागतोय!"

"लवंग नाही घातलेली," रुबियेम सावकाश म्हणाली. "म्हणजे कारण तुला ठाऊक आहे."

"मला काहीच ठाऊक नाही."

"आणि सांगायची बंदी आहे."

गालिहने गरम चहा एका घोटात संपवला.

बंदी होतीच. बँकेला एखाद्याचा संशय आला की तो त्याला कळू द्यायचा नाही. कळू दिला तर नोकरी जाते, वर खटलाही होतो. याचं प्रशिक्षण द्यायला राजधानीतून एक बाई आल्या होत्या. ग्राहकाने विचारलं तर 'प्रणालीत सुधारणा' म्हणायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. पडद्यावर चित्रं होती, दुपारी चिकन होतं. फक्त एक गोष्ट त्या बाईंच्या ध्यानात आली नव्हती. त्यांचा नियम न बोलण्याचा होता, आणि इथल्या बायकांची हयात न बोललेलं ऐकण्यात गेली होती. या गावात सोयरिकी जुळल्या होत्या, मोडल्या होत्या, एका सासूला तर दुसऱ्या घरी राहायला पाठवलं होतं, आणि या कशातही कुणी एक सरळ वाक्य उच्चारलं नव्हतं.

म्बाह सादिनेमने पानाची पिंक टाकली. "मास, आमच्या मागच्या आळीत एक पोर होतं. त्याच्यावर कोंबडी चोरल्याचा आळ आला होता."

"बिचारं," गालिह म्हणाला.

"खोटा होता आळ."

"मला वाटतंच तसं."

"कोंबडी मोठी होती का?"

गालिहने आजूबाजूला पाहिलं. "मी ऐकलं, म्बाह, की कोंबडी हरवलेलीच नव्हती."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "आळ घेणारा गावातला?" बू सुप्रिहने विचारलं.

"फार लांबचा. त्याने गाव पाहिलेलंच नाही."

"पण माणूस आहे ना?"

गालिहने रिकामा कप पुढे केला. "बू, अजून मिळेल का जरा?"

"यंत्र आहे मेलं," सुप्रिह म्हणाली.

"पण त्याला काय खटकलं?" रुबियेमचा आवाज चढला. "सगळं तर सगळ्यांसमोर केलं!"

गालिह छताच्या पन्हळी पत्र्याकडे बघत म्हणाला, "परवा आमच्या आतेबहिणीचं लग्न झालं, बू. बायकांनी ठरवून सगळ्यांनी हिरवे कबाये घातले. एकाच कापडाचे. फार शोभत होतं. पण लांबून बघणाऱ्याला वाटलं, एकच बाई पन्नासदा जेवतेय."

बायकांनीही पत्र्याकडे पाहिलं. मग रुबियेम कपाळावर हात मारून म्हणाली, "एकसारखे भरले म्हणून! अरे, पण वेगवेगळे भरले असते तर भांडणं झाली असती!"

"मी काहीच बोललेलो नाही," गालिह म्हणाला, आणि त्याने ते खरंच पाळलं होतं.

बायका उठून गेल्यावर म्बाह सादिनेम मागे राहिली. रुबियेमला वाटलं, आता ही ओरडणार. म्हातारी म्हणाली, "पोन कधी?"

"सोमवारी."

"यंत्राला पोन कळतो का?"

"नाही, म्बाह."

"मग माणसाकडे जाऊ," म्हातारी म्हणाली.

त्या रात्री रुबियेमला झोप आली नाही. पैशांची तिला खात्री होती. आज ना उद्या निघतील. पण डबा तिच्या कपाटातून तिच्याच शब्दाने गेला होता. या ईदला रेडा आला नाही तर तिला कुणी काही म्हणणार नव्हतं, आणि तेच तिला सहन होणार नव्हतं. म्हातारी पुढच्या ईदला असेल की नाही, हेही कुणी म्हणणार नव्हतं.

शुक्रवारी दोघी बसने शाखेत गेल्या. म्बाहने धुतलेलं पांढरं वस्त्र घातलं होतं, त्यामुळे दारावरच्या शिपायाने तिला हाजीण समजून स्वतःची खुर्ची दिली. काउंटरवर रेत्नो नावाची मुलगी होती. तिने हसून दोघींना चहा दिला, आणि खातं उघडून बघताच तिचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले.

"बू, पैसे कशाचे आहेत ते सांगावं लागेल. पगार, धंदा, वारसा की देणगी?"

"भिशी."

रेत्नोने पडद्यावर वरखाली पाहिलं. "भिशी नाहीये यात."

"म्हणजे भिशी नाहीच का जगात?"

"जगात आहे, बू. यात नाही." तिने आत जाऊन शाखाप्रमुखांना आणलं.

पाक हार्तोयो जाडसर, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दोघींच्या प्रकृतीची विचारपूस केली. बसचा प्रवास, पाऊस, लवंगेचा भाव. मग प्रणालीत होत असलेल्या सुधारणांबद्दल ते इतक्या कळकळीने बोलले की म्बाह सादिनेमने त्या लवकर बऱ्या व्हाव्यात अशी दुवा दिली.

"धन्यवाद, म्बाह," पाक हार्तोयो म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. काचेच्या पेल्याला कागद बांधून, भोक पाडून, आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या खुळखुळवल्या की जो आवाज येतो, तो. रुबियेमने तो आवाज इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता.

"भिशी?" तिने विचारलं.

पाक हार्तोयोंचे कान लाल झाले. "ऑफिसातल्या लोकांची. अगदी खासगी. दर महिन्याला, शुक्रवारी."

"किती छान. खात्यातून भरता?"

"नाही नाही, रोख. खात्यातून केलं तर..." रेत्नो बोलून गेली आणि जीभ चावली.

"प्रणाली सुधारते," रुबियेमने वाक्य पुरं केलं.

आतून कुणीतरी ओरडलं, "पाक, चिठ्ठी कोण काढणार? मागच्या वेळी तुम्ही काढलीत आणि तुमच्याच मेहुण्याला लागली!" आणि मग दारातून म्बाहचं पांढरं वस्त्र दिसल्यावर, "अरे, म्बाहला विचारा ना! घरात वडीलधारं माणूस आलंय, त्याच्याच हाताने निघू दे."

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. म्बाह सादिनेमला आत नेऊन मधोमध बसवलं. तिने पेला हलवला, पुटपुटली, चिठ्ठी काढली. नाव रेत्नोचं निघालं. टाळ्या पडल्या. शंभर शंभर हजार रुपियांच्या नोटांचा गठ्ठा लिफाफ्यात घालून तिच्या हातात दिला गेला. रुबियेमची नजर लिफाफ्यावर गेली आणि तिने ती लगेच उचलली, पण उचलायला थोडा उशीर झाला होता. गठ्ठा साधारण एका रेड्याएवढा होता.

आता रुबियेमने काही मागितलं असतं, तर पाक हार्तोयोंनी दिलगिरी व्यक्त केली असती आणि दोघी बसने परत गेल्या असत्या. पण बँकेने तिला काही शिकवलं असेल तर हेच, की मागायचं नाही. ती बसून राहिली. चहा संपवला, चांगला झालाय म्हणाली, दुसरा घेतला. पाक हार्तोयोंना गुडघ्यांचं विचारलं. त्यांचे गुडघे खरंच दुखत होते. त्यांनी बरंच सांगितलं. रेत्नोचं गाव विचारलं, आई काय करते विचारलं. आई सिगारेटीच वळायची म्हटल्यावर म्बाहने मुलीचा हात हातात घेऊन बोटं पाहिली. "तुझी गोरी राहिली. बरं झालं." मग काहीच संबंध नसल्यासारखं सांगितलं की सोमवारी पोन आहे, आणि यंदा रेड्यात तिचं नाव निघालंय. तिसरा चहा आला. चार वाजले. शाखा बंद व्हायची वेळ झाली आणि कुणाला घरी जाता येईना, कारण पाहुणे बसलेले असताना दिवे कसे बंद करायचे?

शेवटी रेत्नो लिफाफ्याकडे बघत म्हणाली, "मला यात नवा मोबाईल घ्यायचा होता, बू."

"घे की. हक्काचा आहे."

"जुना अजून चालतो तसा."

 पाक हार्तोयो उठून कोपऱ्यातल्या माशांच्या पेटीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. "बँकेचा कर्मचारी ग्राहकाशी खासगी देवघेव करू शकत नाही," ते माशांना म्हणाले. "मला ते चालणार नाही. मी पाहिलं तर मला कळवावं लागेल." आणि बराच वेळ मागे वळले नाहीत.

सोमवारी, पोनला, रेडा आला. काळा, शांत, शिंगं मागे वळलेली. मशिदीच्या आवारात केळीखाली बांधला. गावाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने गावाकडे, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार पाक मोदिनची निघाली. मशिदीचे हे वयस्कर मोदिन, म्हणजे गावाचे धर्मविधी बघणारे, धर्माच्या बाबतीत कुणाची भीड धरत नसत. ईदच्या सकाळी, नमाज झाल्यावर, सुरी धुऊन तयार, सात नावांचा कागद हातात, आणि ते म्हणाले, "थांबा. हा रेडा कुणाच्या पैशाचा?"

रुबियेम पुढे झाली. तिने सगळं सांगितलं.

"दुसऱ्याच्या पैशाने कुर्बानी होत नाही," पाक मोदिन म्हणाले. "उसने घेतलेत तर चालतं, पण फेडायला स्वतःजवळ असायला पाहिजेत. आहेत का?"

"बँकेत आहेत."

"मग काढून दाखवा."

"निघत नाहीत."

"मग आहेत कशावरून?"

बँक, शाखा, राजधानी या साऱ्या पसाऱ्यात हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. गर्दीतल्या साऱ्या माना गालिहकडे वळल्या. तो नवा सारोंग नेसून, मदतीला म्हणून, दोर धरून उभा होता.

"मास गालिह," पाक मोदिन म्हणाले, "तू बँकेतला. मशिदीच्या आवारात उभा आहेस. या बायकांचे पैसे आहेत की नाहीत?"

गालिहने दोर या हातातून त्या हातात घेतला. हो म्हणावं तर गोठवलेल्या खात्याबद्दल बोलल्यासारखं होतं, नाही म्हणावं तर खोटं. आणि चहाची इथे सोय नव्हती. म्बाह सादिनेम पांढऱ्या वस्त्रात पुढे बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही; ती रेड्याकडे बघत होती, तो उठून जाईल की काय अशी.

"पाक मोदिन," गालिह शेवटी म्हणाला, "खात्याबद्दल मला एक अक्षर बोलता येत नाही. पण आमच्या शाखेतल्या एका मुलीने या बायकांना स्वतःच्या भिशीचे पैसे दिलेत. कागद नाही, सही नाही, व्याज नाही. आणि बाकीच्यांनी तिला देऊ दिले. बँकेतली माणसं बुडणाऱ्या ठिकाणी लोकांचे पैसे घालतील, पाक. स्वतःचे नाही घालणार."

पाक मोदिनांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले; दुवा असेल, हिशेब असेल. मग त्यांची दाढी थरथरायला लागली, आणि लोकांच्या लक्षात आलं की ते हसतायत.

"ही साक्ष चालेल," ते म्हणाले, आणि कागद उघडला.

त्यांनी सात नावं मोठ्याने वाचली. म्बाह सादिनेमचं पाचवं होतं. नाव घेतलं तेव्हा म्हातारी "हजर" म्हणाली, शाळेतल्यासारखी, आणि कुणी हसलं नाही.

ईद उलटून बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, यंत्राने काही न सांगता पैसे मोकळे केले. का अडवले होते ते कळलं नव्हतं, का सोडले तेही कळलं नाही. रुबियेमने ते काढले, बसने जाऊन रेत्नोच्या हातात मोजून दिले, वर हिरड्यांना लागेल इतक्या गोड जेनांग हलव्याचा डबा दिला. राजधानीची माणसं आली, फलक लागला, फोटो निघाले. गालिहने अहवालात लिहिलं की गावकऱ्यांचा बँकेच्या माणसांवरचा विश्वास वाढला आहे. त्याची बदली झाली नाही.

भिशीच्या पुढच्या बैठकीला एक नवी गोष्ट निघाली. रेत्नोला या भिशीत यायचं होतं. तिच्या आईच्या नावाने कधीच कुर्बानी झाली नव्हती. ती स्वतः आली होती, दुकानाच्या पायरीवर गुडघे जुळवून बसली होती, आणि बायका तिच्या भोवती.

"राहतेस कुठे?" बू सुप्रिहने सुरुवात केली.

"जाती गावात, बू. बाजारामागे."

"घर स्वतःचं?"

"भाड्याचं."

"आईबाप?"

"आई आहे. वडील वारले."

"कुणाचं देणं आहे?"

"मोटरसायकलचे हप्ते आहेत. नऊ उरलेत."

सुप्रिहने बाकीच्यांकडे पाहिलं. हप्ते खरे सांगितले, हे सगळ्यांना आवडलं. "पहिलं नाव लागलं आणि पुढे भरायचं सोडलंस तर? मागे एक गेली तशी. सुराबायाला."

"नाही सोडणार, बू."

"सगळ्या असंच म्हणतात. ती पण म्हणाली होती. बरं, कामाला कुठे आहेस, तेवढं सांग."

रेत्नोने खाली पाहिलं. "बँकेत, बू."

 मागच्या दोघीतिघींनी, ज्यांना ही कोण ते ठाऊक नव्हतं, एकमेकींच्या कानात काहीतरी विचारलं. सुप्रिहच्या भुवया वर गेल्या, आणि वरच राहिल्या.

रुबियेम लाल डब्यावर हात ठेवून पुढे सरकली. "असू दे," ती म्हणाली. "पोरगी चांगली आहे. तिची हमी मी घेते."